दोन्ही थॅलॅमस एकदम का सुजले? मेंदूतल्या खोल शिरांचे एक प्रकरण

या प्रकरणातली रुग्ण कल्पित आहे, अभ्यासासाठी उभी केलेली. तिची लक्षणे, स्कॅनवरचे चित्र आणि उपचारांचा क्रम मात्र या आजारात जसा आढळतो तसाच ठेवला आहे.

स्त्री, वय ३४. सहा दिवसांपासून डोकेदुखी. सुरुवातीला अर्धशिशीसारखी वाटली, गोळी घेतली की तेवढ्यापुरती थांबायची. आडवे झाल्यावर मात्र वाढायची आणि पहाटे सर्वांत जास्त असायची. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, पाचव्या दिवशी बोलणे कमी झाले आणि सहाव्या दिवशी धाकटा भाऊ तिला घेऊन आला. त्याने सांगितले ते असे: "ताईला हाक मारली की डोळे उघडते, ‘हं’ म्हणते आणि परत झोपते. उठवून बसवलं तर बसते. पण आजूबाजूला काय चाललंय, कोण आलंय, कशाचंच तिला सोयरसुतक नाही."

केस पेपरवर हे वाक्य ‘गुंगी आहे’ एवढेच उतरले. खरे तर त्यात निदानाची निम्मी वाट होती. माणूस बेशुद्ध नाही, लुळा पडलेला नाही, बोलणेही गेलेले नाही. पण जाग टिकत नाही आणि कशात मन लागत नाही. अशी अवस्था मेंदूच्या पृष्ठभागावरच्या बिघाडाने सहसा होत नाही. जागेपणाची आणि अवधानाची सूत्रे जिथून हलतात त्या खोल भागात, थॅलॅमसमध्ये किंवा त्याच्या खाली मध्यमस्तिष्कात, काहीतरी झालेले असते.

तपासणीत ताप नव्हता, मान आखडलेली नव्हती. चारही हातपाय हलत होते, डाव्या-उजव्यात फरक नव्हता. ग्लासगो कोमा स्केल (शुद्धीची मोजणी, पूर्ण गुण १५) १२. तीन शब्द सांगितले ते तिने लगेच म्हणून दाखवले; पाच मिनिटांनी त्यातला एकही आठवेना, आणि शब्द सांगितले होते हेही आठवेना. ऑफ्थॅल्मोस्कोपने पाहिल्यावर दोन्ही डोळ्यांत दृष्टिचकतीच्या (डोळ्याच्या आत दृष्टिचेतेचे टोक जिथे दिसते त्या चकतीच्या) कडा किंचित पुसट होत्या. हिमोग्लोबिन ८.४, हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का) २७, तांबड्या पेशी लहान आणि फिकट, प्लेटलेट ४ लाख ९० हजार. म्हणजे लोहाची जुनी कमतरता. मासिक पाळीत फार रक्तस्राव होतो म्हणून चार महिन्यांपासून इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या चालू होत्या. हे भावाला ठाऊक नव्हते. पर्समधल्या रिकाम्या पाकिटावरून कळले.

पहिला सीटी आणि पहिली दिशाभूल

साध्या सीटीवर दोन्ही थॅलॅमस काळपट आणि फुगलेले दिसले. काळपटपणा पुढे कॉडेट या खोल केंद्रकाच्या डोक्यापर्यंत आणि बाजूला इंटर्नल कॅप्सूल या तंतूंच्या पट्ट्यापर्यंत पसरला होता. दोन्ही बाजूंनी दाबून तिसरे व्हेंट्रिकल, म्हणजे मेंदूतला पाण्याचा मधला कप्पा, चिरेसारखे अरुंद झाले होते. रिपोर्टमध्ये लिहिले होते: दोन्ही थॅलॅमसमध्ये सममित बदल, एन्सेफलायटिस (मेंदूचा दाह) किंवा चयापचयाशी संबंधित विकार संभवतो.

हा रिपोर्ट निष्काळजीपणाचा नव्हता. सममित बिघाड दिसला की विष, चयापचय आणि संसर्ग ही तीन दारे आधी ठोठावायची, असेच सगळ्यांना शिकवलेले असते. जपानी एन्सेफलायटिस दोन्ही थॅलॅमस पकडतो. थायमिनच्या अभावाने होणारा वेर्निके विकार थॅलॅमसचा आतला भाग, मॅमिलरी बॉडी आणि मध्यमस्तिष्कातल्या नळीभोवतीचा भाग पकडतो. रक्तवाहिन्यांकडे वळले तर पेर्शरॉनची धमनी आठवते: काही जणांत दोन्ही थॅलॅमसच्या आतल्या भागांना एकाच खोडातून रक्त जाते आणि ते एक खोड बंद झाले की दोन्हीकडे एकदम इजा होते.

यातले एकेक तपासून पाहू. तापाशिवाय एन्सेफलायटिस होऊ शकतो, पण सहा दिवस चढत गेलेली, आडवे झाल्यावर वाढणारी डोकेदुखी आणि दृष्टिचकतीची सूज ही जोडी कवटीतला दाब वाढल्याचे सांगते. वेर्निकेमध्ये डोळ्यांची हालचाल बिघडते, चाल जाते. डोकेदुखी हे त्याचे लक्षण नव्हे. तरीही थायमिन लगेच शिरेतून दिले. ते स्वस्त आणि निर्धोक असते, आणि निदान चुकलेच तर न दिल्याची किंमत फार मोठी असते. पेर्शरॉनच्या धमनीचा झटका अचानक येतो, घड्याळ पाहून वेळ सांगता येईल इतका. शिवाय त्याचा डाग थॅलॅमसच्या आतल्या कडेला, मध्यरेषेजवळ राहतो. आपल्या रुग्णात मात्र सूज कॉडेट आणि इंटर्नल कॅप्सूलपर्यंत गेली होती. कॉडेटच्या डोक्याला रक्त पुढच्या आणि मधल्या सेरेब्रल धमन्यांच्या फांद्यांतून येते, थॅलॅमसला मागच्या सेरेब्रल धमनीच्या फांद्यांतून. दोन्ही बाजूंचे हे सगळे भाग एकाच वेळी बिघडायचे तर चार-पाच वेगवेगळ्या धमन्या एकदम बंद पडायला हव्यात.

धमन्यांच्या नकाशात हा डाग बसत नाही. मग दुसरा नकाशा काढायचा. रक्त येते कुठून हे पाहून झाले. आता ते जाते कुठून हे पाहायचे.

रक्त बाहेर पडण्याची वाट

मेंदूच्या शिरांचे ढोबळ दोन गट पडतात. पृष्ठभागावरच्या शिरा कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) आणि त्याच्या लगतच्या पांढऱ्या भागाचे रक्त बाहेरच्या दिशेने, कवटीलगतच्या सायनसांकडे, म्हणजे ड्युरा या मेंदूच्या बाहेरच्या आवरणातल्या मोठ्या रक्तमार्गांकडे, नेतात. खोल गटाचा प्रवाह उलट, आतल्या दिशेने चालतो. खोल पांढऱ्या भागातल्या बारीक मेड्युलरी शिरा लॅटरल व्हेंट्रिकलच्या भिंतीकडे जवळजवळ काटकोनात येतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये व्हेंट्रिकलला काटकोनात उभे दिसणारे लांबट डाग, ज्यांना डॉसनची बोटे म्हणतात, ते याच शिरांच्या कडेने पडतात. शिरांची दिशा एरवी नजरेत भरत नाही, तिथे ती आयती दिसते.

व्हेंट्रिकलच्या भिंतीखाली या बारीक शिरा मोठ्या शिरांना मिळतात. त्यातल्या दोन लक्षात ठेवाव्यात. एक सेप्टल शीर: पुढच्या भागातून, दोन्ही लॅटरल व्हेंट्रिकलांमधल्या पातळ पडद्यावरून मागे येते. दुसरी थॅलॅमोस्ट्रायेट शीर: कॉडेट आणि थॅलॅमस यांच्यामधल्या खाचेतून पुढे येते. ती थॅलॅमसच्या अगदी कडेने जाते, पण त्याचे रक्त फारसे घेत नाही; कॉडेट आणि आसपासचा पांढरा भाग हे तिचे मुख्य क्षेत्र. थॅलॅमसच्या स्वतःच्या लहान शिरा निराळ्या: वरच्या बाजूच्या थेट इंटर्नल सेरेब्रल शिरेकडे किंवा गॅलेनच्या शिरेकडे जातात, खालच्या बाजूच्या बेसल शिरेकडे.

सेप्टल आणि थॅलॅमोस्ट्रायेट शिरा मन्रोच्या छिद्रामागे (लॅटरल व्हेंट्रिकल जिथे तिसऱ्याला जोडलेले असते तिथे) एकत्र येतात आणि तिथे इंटर्नल सेरेब्रल शीर सुरू होते. पुढे आलेली थॅलॅमोस्ट्रायेट शीर इथे एकदम वळून मागे फिरते. बाजूने घेतलेल्या अँजिओग्राममध्ये हे वळण स्पष्ट कोनासारखे दिसते. त्याला व्हीनस अँगल म्हणतात. एगास मोनिझने १९२७ मध्ये मेंदूची अँजिओग्राफी केली तेव्हापासून सीटी येईपर्यंत मेंदूचा आतला भाग थेट दिसायची सोय नव्हती. त्या काळात हा कोन किती सरकला, इंटर्नल सेरेब्रल शीर मध्यरेषेपासून किती ढळली, हे मोजून आतल्या गाठीचा अंदाज बांधत. आज मोजमापाची ती गरज उरली नाही. मन्रोच्या छिद्राजवळचा तो कोन मात्र एंडोस्कोप घेऊन व्हेंट्रिकलमध्ये शिरणाऱ्या सर्जनला अजूनही वाट दाखवतो.

दोन इंटर्नल सेरेब्रल शिरा, एक डावी, एक उजवी, जेमतेम दोन मिलिमीटर जाडीच्या, तिसऱ्या व्हेंट्रिकलच्या छतातून शेजारी शेजारी मागे जातात. कॉर्पस कॅलोसमच्या (मेंदूचे दोन्ही अर्धे जोडणाऱ्या पट्ट्याच्या) मागच्या जाड टोकाखाली, पिनियल ग्रंथीच्या वर, त्या एकमेकींना मिळतात आणि गॅलेनची शीर तयार होते. तिची लांबी फक्त एक-दोन सेंटीमीटर. ती एकच असते, मध्यरेषेवर, आणि कॉर्पस कॅलोसमच्या टोकाला वळसा घालून वर-मागे जाते. फाल्क्स आणि टेंटोरियम हे ड्युराचे दोन पडदे जिथे जुळतात तिथे इन्फीरियर सॅजिटल सायनस तिला भेटतो आणि पुढचा मार्ग स्ट्रेट सायनस होतो. तो मागे आणि खाली उतरत हेरोफिलसच्या संगमापाशी पोचतो आणि तिथून बहुतेकांत डाव्या ट्रान्सव्हर्स सायनसकडे वळतो. सुपीरियर सॅजिटल सायनसचे रक्त बहुधा उजवीकडे जाते, म्हणून डावा ट्रान्सव्हर्स सायनस बारीक दिसला तरी खोल भागाच्या दृष्टीने तो दुय्यम समजू नये.

आता बेसल शीर. १९व्या शतकातल्या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ रोझेन्टालच्या नावाने ती ओळखली जाते. मेंदूच्या तळाशी, दृष्टिचेतांच्या फुलीच्या बाजूला ती सुरू होते, मध्यमस्तिष्काला बाहेरून वळसा घालून मागे येते आणि गॅलेनच्या शिरेत पडते. वाटेत ती टेम्पोरल लोबचा आतला भाग, बेसल गँग्लियाचा (कॉडेटसारख्या खोल केंद्रकांचा) तळ, थॅलॅमसचा खालचा भाग आणि मध्यमस्तिष्क यांचे रक्त गोळा करते. गर्भात ही शीर एकसंध वाढत नाही. निरनिराळे तुकडे उशिराने एकमेकांना जुळून ती बनते. त्यामुळे तिच्या रचनेत माणसागणिक फरक असतो. कुणात पुढचा तुकडा कॅव्हर्नस सायनसकडेच रिकामा होतो, कुणात मध्यमस्तिष्काच्या बाजूच्या शिरेतून सुपीरियर पेट्रोसल सायनसकडे वाट असते. शवविच्छेदनाच्या टेबलावर हे फरक वैताग आणतात. रुग्णाला मात्र तेच वाचवू शकतात, आणि आपल्या रुग्णात तसेच झाले.

या साऱ्या वर्णनातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सममितीची. धमन्या डाव्या-उजव्या स्वतंत्र येतात. खोल शिरा मात्र दोन्हीकडून येऊन मध्यरेषेवरच्या एकाच छोट्या शिरेत पडतात. ती शीर किंवा तिच्या पुढचा स्ट्रेट सायनस बंद झाला की दोन्ही बाजूंचे रक्त तुंबते आणि दोन्ही थॅलॅमस एकदम सुजतात. शिरांच्या आजारात सूज प्रवाहाच्या वरच्या अंगाला दिसते आणि अडथळा खालच्या अंगाला असतो. डागावरच नजर खिळवून ठेवली तर अडथळा सापडत नाही. डागापासून प्रवाहाच्या दिशेने बोट फिरवत जावे लागते.

पुन्हा तोच सीटी

नवा स्कॅन मागवण्याआधी जुनाच परत उघडला, यावेळी मध्यरेषेतून उभा छेद घेऊन. मन्रोच्या छिद्रापासून निघून मागे जाणारी, कॉर्पस कॅलोसमच्या टोकाला वळसा घालणारी आणि पुढे तिरकी उतरणारी एक पांढरट रेघ दिसली. आडव्या छेदांत ती दिसली नव्हती असे नाही. तिथे इंटर्नल सेरेब्रल शिरा दोन पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसत होत्या, आणि शेजारीच पिनियलमध्ये साठलेले कॅल्शियम असल्याने नजर त्यांच्यावरून घसरत होती.

पांढरी दिसली म्हणून गुठळी म्हणायची का? इथे घाई नको. सुजलेल्या, काळपट मेंदूच्या पार्श्वभूमीवर निरोगी शीरही पांढरी भासते. अंगातले पाणी कमी झालेल्या माणसाचे रक्त घट्ट असते आणि त्याच्या सगळ्याच शिरा उजळ दिसतात. म्हणून आकडा घ्यायचा. स्ट्रेट सायनसमध्ये ६६ हाउन्सफील्ड युनिट (सीटीवरची घनता मोजायचे एकक) भरले. त्याच स्कॅनमध्ये बॅसिलर धमनीत ३६.

६६ हा आकडा एकटा घेतला तर संशयास्पद आहे, निर्णायक नाही. हिमॅटोक्रिट ५० असलेल्या माणसात वाहते रक्तही तेवढे भरू शकते. पण रक्ताची सीटीवरची घनता तांबड्या पेशींच्या प्रमाणावर अवलंबून असते आणि या बाईंचे हिमॅटोक्रिट २७ होते. घनतेला हिमॅटोक्रिटने भागले की वाहत्या रक्तात गुणोत्तर साधारण दीडच्या आत-बाहेर राहते. दोनच्या वर गेले की गुठळीची शंका बळावते. बॅसिलर धमनीत ३६ भागिले २७ म्हणजे १.३. स्ट्रेट सायनसमध्ये ६६ भागिले २७ म्हणजे २.४. एकाच माणसाचे, एकाच क्षणाचे रक्त दोन वाहिन्यांत इतके वेगळे असू शकत नाही. एका वाहिनीतले रक्त वाहत नव्हते, गोठले होते.

रक्तक्षय असलेल्या रुग्णात हा हिशेब विशेष उपयोगी पडतो, कारण पातळ रक्ताची गुठळी पाहणाऱ्याला ‘नॉर्मल’ रक्ताइतकीच उजळ दिसून फसवते. ब्लड रिपोर्ट आणि स्कॅन दोन वेगळ्या खिडक्यांत उघडलेले असतात, म्हणून हा भागाकार कुणी करत नाही, असे माझे मत आहे. बाकी त्याला कॅल्क्युलेटरशिवाय काही लागत नाही.

डी-डायमर, म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात येणारा घटक, वाढलेला आला. त्यावर फार वेळ घालवला नाही. तो वाढला तर शंकेला जोर मिळतो, पण नॉर्मल आला म्हणून हा आजार नाही असे म्हणता येत नाही. लक्षणे जुनी असतील किंवा गुठळी लहान असेल तर तो नॉर्मल येऊ शकतो. एन्सेफलायटिसच्या शंकेपायी पाठीतून पाणी काढायचे ठरले होते, ते मात्र थांबवले. कवटीत दाब वाढलेला, तिसरे व्हेंट्रिकल चेपलेले आणि काही तासांत रक्त न गोठण्याचे औषध सुरू करायची शक्यता, अशा वेळी सुई घालण्यात धोकाच जास्त.

एमआरआय आणि एक चकवा

एमआरआय लक्षणांच्या सातव्या दिवशी झाला. टी-टू प्रकारच्या चित्रांत, ज्यांत पाणी पांढरे दिसते, दोन्ही थॅलॅमस, कॉडेटची डोकी आणि इंटर्नल कॅप्सूल पांढरी. पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणाऱ्या डिफ्यूजन चित्रांत त्यातला बहुतेक भाग मोकळ्या पाण्याचा, म्हणजे सुजेचा. पेशी मरायला टेकल्याची खूण डाव्या थॅलॅमसमधल्या एका छोट्या तुकड्यात तेवढी दिसली. धमनी बंद पडून झालेल्या झटक्यात असे चित्र सहसा दिसत नाही, तिथे जवळजवळ सगळा डाग मेलेल्या पेशींचा असतो. शिरांच्या आजारात स्कॅन भयंकर दिसूनही रुग्ण बरा होऊ शकतो, याचे कारण हेच. रक्तातल्या लोहाला संवेदनशील असलेल्या चित्रांत दोन्ही इंटर्नल सेरेब्रल शिरा काळ्या आणि नेहमीपेक्षा जाड दिसल्या, आणि डाव्या थॅलॅमसमध्ये तीळभर रक्तस्राव.

चकवा व्हेनोग्राममध्ये, म्हणजे शिरांच्या चित्रात, होता. औषध न टोचता, टाइम-ऑफ-फ्लाइट पद्धतीने काढलेल्या व्हेनोग्राममध्ये स्ट्रेट सायनसच्या जागी फिकट पांढरी रेघ होती. प्रवाह चालू आहे असा तिचा अर्थ लावता आला असता. पण गुठळीचा रंग तिच्या वयानुसार बदलतो. पहिल्या साधारण पाच दिवसांत ती टी-टूवर काळी असते आणि वाहत्या रक्तासारखी दिसून फसवते. नंतर तिच्यातल्या हिमोग्लोबिनचे मेटहिमोग्लोबिन होते, ते टी-वन या एमआरआयच्या दुसऱ्या प्रकारच्या चित्रावर मुळातच चमकते आणि टाइम-ऑफ-फ्लाइटमध्ये त्या चमकेचा प्रवाह भासतो. सातव्या दिवशी आपण नेमके या दुसऱ्या टप्प्यात होतो. टी-वन चित्र शेजारी ठेवले तर तीच रेघ तितकीच चमकत होती. मग औषध टोचून व्हेनोग्राम केला आणि दोन्ही इंटर्नल सेरेब्रल शिरा, गॅलेनची शीर आणि स्ट्रेट सायनस यांत औषध शिरलेच नाही. इतर सायनस मोकळे होते.

ट्रान्सव्हर्स सायनस एका बाजूला दिसला नाही तर तो जन्मतःच बारीक असू शकतो, आणि अशा रिपोर्टवरून कित्येकांना उगाच घाबरवले जाते. स्ट्रेट सायनस आणि इंटर्नल सेरेब्रल शिरांचे तसे नाही. त्या चांगल्या व्हेनोग्राममध्ये जवळजवळ नेहमी दिसतात. दिसल्या नाहीत तर कारण शोधलेच पाहिजे.

मध्यमस्तिष्क आणि टेम्पोरल लोबचा आतला भाग मात्र स्वच्छ होता. गॅलेनची शीर बंद होती म्हणजे बेसल शिरांचाही नेहमीचा शेवट बंद होता. तरी त्यांच्या क्षेत्रात सूज नाही, हे कसे? व्हेनोग्राम बारकाईने पाहिल्यावर दोन्ही बाजूंना मध्यमस्तिष्काच्या कडेने सुपीरियर पेट्रोसल सायनसकडे जाणारी वाट ठळक भरलेली दिसली. बेसल शिरांना ती पर्यायी वाट मिळाली होती. इंटर्नल सेरेब्रल शिरांना अशा वाटा फार थोड्या, म्हणून त्यांच्या क्षेत्राने मार खाल्ला. मध्यमस्तिष्क वाचले नसते तर ही बाई भावासोबत चालत आली नसती.

निदान: मेंदूच्या खोल शिरांमधील आणि स्ट्रेट सायनसमधील थ्रॉम्बोसिस, म्हणजे गुठळी. कारणे दोन: इस्ट्रोजेनच्या गोळ्या आणि लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय.

रक्तस्राव असताना रक्त पातळ करायचे?

नातेवाइकांना समजावण्यात सर्वांत जास्त वेळ इथे गेला, आणि ते साहजिक होते. भावाने सरळ विचारले, "डॉक्टर, डोक्यात रक्त सांडलंय म्हणता आणि रक्त पातळ करायचं इंजेक्शनही देता?"

हा रक्तस्राव वाहिनी कमकुवत होऊन फुटल्याचा नाही, तुंबलेल्या रक्ताच्या दाबाने झिरपल्याचा आहे. पुढचा मार्ग मोकळा झाला नाही तर दाब वाढतच राहणार आणि आणखी झिरपणार. म्हणून या आजारात रक्तस्राव दिसत असला तरी हेपरिन देतात. यामागचा पहिला मोठा आधार १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीचा. त्यात अवघे २० रुग्ण होते. हेपरिन मिळालेल्या दहापैकी आठ पूर्ण बरे झाले. हेपरिन न मिळालेल्या दहापैकी एकच पूर्ण बरा झाला आणि तिघे दगावले. फरक इतका मोठा होता की चाचणी लवकर थांबवली. वीस रुग्णांच्या चाचणीवर एरवी कुणी विसंबणार नाही. पण पुढच्या काळातला अनुभव त्याच दिशेचा राहिला आणि आजच्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात.

बहुतेक रुग्णांत कमी रेणुभाराचे हेपरिन त्वचेखाली देतात. सोपे पडते आणि सतत मोजमाप लागत नाही. इथे साधे हेपरिन शिरेतून सुरू केले. तिसरे व्हेंट्रिकल चेपल्यामुळे वरच्या कप्प्यांत पाणी साठून नळी घालायची वेळ येण्याची शक्यता होती. साध्या हेपरिनचा परिणाम थेंब बंद केल्यावर काही तासांत ओसरतो आणि गरज पडली तर प्रोटामिनने उलटवता येतो.

ती शक्यता दुसऱ्याच रात्री दारात उभी राहिली. कोमा स्केल १२ वरून ९ वर आला. तातडीच्या सीटीवर लॅटरल व्हेंट्रिकल आधीपेक्षा थोडी रुंद, रक्तस्राव मात्र वाढलेला नाही. न्यूरोसर्जन, अतिदक्षता विभाग आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी यांची रात्री एकत्र चर्चा झाली. नळी घालायची तर हेपरिन थांबवणे आले, म्हणजे मूळ आजाराला मोकळीक. कॅथेटरने गुठळी काढायचा पर्याय होता. पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या टो-ॲक्ट चाचणीत ६७ रुग्णांनंतर त्याचा सरसकट फायदा दिसला नव्हता, आणि गॅलेनच्या शिरेपर्यंत कॅथेटर नेणे सोपे नसते. सूज दिसली की स्टेरॉइड द्यायचा मोह होतो. या आजारात त्याचा फायदा दिसलेला नाही, दिले नाही. ठरले ते असे: डोक्याची बाजू उंच, सोडियमवर नजर, हेपरिनची मात्रा योग्य पातळीत पक्की, दर तासाला डोळ्यांच्या बाहुल्या आणि कोमा स्केल, आणखी एक गुण उतरला तर हेपरिन उलटवून नळी. ऑपरेशन थिएटर तयार ठेवले होते.

गुण उतरला नाही. पहाटे ९, दुपारी १०, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी १३. चौथ्या दिवशी तिने पाणी मागितले आणि भावाला विचारले, "तू ऑफिसला गेला नाहीस?" वाक्य साधेच, पण आपल्याखेरीज दुसऱ्या कुणाची चौकशी तिने त्या आठवड्यात प्रथमच केली होती.

आकडीचा (फिटचा) झटका एकदाही आला नाही. मेंदूच्या शिरांच्या थ्रॉम्बोसिसमध्ये एकूण पाहता झटके पुष्कळांना येतात, पण ते कॉर्टेक्स दुखावल्याने. खोल गटात ते कमी. म्हणून झटक्यांचे औषध नुसते खबरदारी म्हणून दिले नाही.

पुढे काय झाले

या आजाराचा एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास २००४ साली आला. त्यात ६२४ रुग्ण होते. खोल शिरा बंद झालेले त्यातले सुमारे ११ टक्के. लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंतचा मध्यक काळ सात दिवसांचा, म्हणजे आपली रुग्ण उशिरा आली असे म्हणता येणार नाही. एकूण रुग्णांत मृत्यू किंवा परावलंबित्व १३.४ टक्के, आणि खोल शिरांचा सहभाग हे वाईट परिणामाचे एक ठळक भाकीत. हे भावाला पहिल्या दिवशी सांगितले होते, आकड्यांसकट.

अठराव्या दिवशी ती चालत घरी गेली. तोंडी औषध म्हणून डाबिगॅट्रान निवडले. २०१९ च्या रिस्पेक्ट-सीव्हीटी चाचणीत १२० रुग्णांत त्याची वॉरफरिनशी तुलना झाली होती, आणि दोन्ही गटांत नवी गुठळी कुणालाच झाली नव्हती. त्याआधी गुठळ्यांकडे कल वाढवणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी तपासून घेतल्या, कारण त्या सापडल्या असत्या तर वॉरफरिनच बरे. त्या सापडल्या नाहीत. बारा आठवड्यांनी पुन्हा तपासल्या तेव्हाही नाहीत. प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन या रक्त गोठणे आवरणाऱ्या प्रथिनांची मोजणी ताज्या गुठळीत आणि औषध चालू असताना दिशाभूल करते, म्हणून ती औषध थांबल्यावर करायची असे लिहून ठेवले.

खरी अडचण निराळीच निघाली. इस्ट्रोजेनच्या गोळ्या बंद केल्या आणि वर रक्त पातळ करणारे औषध. साहजिकच पुढच्या पाळीत रक्तस्राव पूर्वीपेक्षाही वाढला. हिमोग्लोबिन ७.६. लोहाची कमतरता हे गुठळीचे एक कारण, आणि गुठळीवरचा उपचार तीच कमतरता वाढवतो. लोह शिरेतून दिले. स्त्रीरोगतज्ज्ञांनी गर्भाशयात बसणारे, लेव्होनॉरजेस्ट्रेल सोडणारे साधन बसवले. त्यात इस्ट्रोजेन नसते आणि रक्तस्रावही बराच घटतो. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.८. न्यूरॉलॉजीच्या डिस्चार्ज कार्डावर पाळीचा उल्लेख सहसा नसतो. या रुग्णाच्या कार्डावर तो पहिल्या ओळीत हवा होता.

सहा महिन्यांच्या एमआरआयमध्ये सूज पूर्ण ओसरलेली. डाव्या थॅलॅमसमध्ये रक्तस्रावाच्या जागी एक काळा ठिपका. स्ट्रेट सायनस अर्धवट उघडलेला, डावी इंटर्नल सेरेब्रल शीर नेहमीपेक्षा बारीक. गुठळी पूर्ण विरघळलीच पाहिजे असे नसते. दाब उतरेल एवढी वाट झाली की मेंदू सावरतो. औषध सहा महिन्यांनी थांबवले, चार आठवड्यांनी राहिलेल्या तपासण्या केल्या. त्या नॉर्मल आल्या.

ती कामावर परतली आहे. चाचणीत नवी नावे आणि याद्या लक्षात ठेवण्यात ती वयाच्या मानाने अजून मागे पडते, आणि ते तिला स्वतःला कळते. दुपारनंतर थकवा येतो. इस्ट्रोजेन असलेले कोणतेही औषध पुन्हा घ्यायचे नाही, हे तिच्या कार्डावर लाल अक्षरांत लिहिले आहे. मूल हवे असेल तर चालेल का, असे तिने शेवटच्या भेटीत विचारले. चालेल, मात्र ठरवायच्या आधी भेटायचे, आणि गरोदरपणात व बाळंतपणानंतरचे सहा आठवडे कमी रेणुभाराच्या हेपरिनची रोज एक प्रतिबंधक सुई घ्यायची.